फळ्यावरून नाहीशी झालेली नदी

१

नदी नाहीशी झाल्याची बातमी पहिली घंटा होते न होते तोच माझ्या ग्रंथालयात येऊन थडकली. नववीच्या दोन पोरी दारात धापा टाकत उभ्या होत्या.

"बाई, नदी गेली! अख्खी गेली! उगमापासून समुद्रापर्यंत!"

मी हातातली पुस्तकं टेबलावर टाकली आणि त्यांच्यामागून संगणकाच्या खोलीकडे पळाले. जिन्यात पळू नये अशी पाटी त्याच जिन्यात मीच लावलेली आहे, पण ती वाचायला तेव्हा वेळ कुणाला होता?

खरी नदी आपल्या जागी होती. ती गावाबाहेरून कुणाला न विचारता वाहत असते. गेली ती फळ्यावरची. भूगोलाच्या मॅडमनी वर्षाच्या सुरुवातीला नववीसाठी एक ऑनलाइन फळा उघडला होता. फळा एकच, पण तो सगळ्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी दिसायचा आणि कुणीही, कुठूनही त्यावर लिहू शकायचं. मधोमध नदीचा मोठा नकाशा आणि दोन्ही काठांनी पोरांनी चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. कुठे नदीतल्या माशाचा फोटो, कुठे आजोबांनी सांगितलेली पुराची आठवण, कुठे नुसताच प्रश्न. प्रत्येक चिठ्ठीखाली आपलं नाव आपण लिहायचं.

मला तो फळा फार आवडायचा, हे मी उघड सांगते. एरवी वर्गात हात वर करायला लाजणारी पोरं तिथे बोलायला लागली होती. वर्गाच्या भिंतीवर मॅडमनी नियमांचा एक पुठ्ठा लावला होता. दुसऱ्याचं खोडायचं नाही. पटलं नाही तर वर पांढरी चिठ्ठी ठेवून झाकायचं आणि का ते सांगायचं. ज्यानं झाकलं त्यानंच उघडायचं. या पुठ्ठ्यापायी मी पोरांना तासभर हमरीतुमरीवर येऊन भांडताना पाहिलंय. आणि शेवटी एकानं आपली पांढरी चिठ्ठी उचलून "बरोबर होतं यार तुझं" म्हणतानाही पाहिलंय. मोठ्यांच्या सभांमध्ये हे मला अजून बघायला मिळालेलं नाही.

त्या सकाळी पडदा पांढराफटक होता. नकाशा नाही, चिठ्ठ्या नाहीत. फक्त डाव्या कडेला एक छोटी निळी चौकट तेवढी उरली होती. त्यात आजची तारीख आणि एकच शब्द होता: हजर. खाली आणखी एक ओळ उमटली होती.

"सगळे कुठे गेलात?"

मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडद्यासारखाच झाला होता.

२

ती निळी चौकट खिडकीवालीची. पाठीच्या ऑपरेशननंतर ही मुलगी कित्येक महिने घरी पलंगावर पडून होती. तिचा पलंग खिडकीला लागून, आणि खिडकीतून नदीचं वळण दिसायचं, म्हणून वर्गानं ठेवलेलं हे नाव. ती रोज सकाळी चौकटीत 'हजर' लिहायची आणि दिवसभर फळ्यावर वर्गाबरोबर काम करायची. तेच काम तिची हजेरी आणि तेच तिचे गुण, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मान्य केलं होतं.

पण ते सगळ्यांना रुचलं नव्हतं. पालक समितीचे अध्यक्ष गावातले नावाजलेले वकील. त्यांची मुलगी त्याच वर्गात, बालवर्गापासून पहिली येणारी. पोरं तिला 'एक नंबर' म्हणतात. वकीलसाहेबांनी तक्रार केली होती की सामाईक फळा म्हणजे एकानं राबायचं आणि बाकीच्यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं. घरी झोपून असलेल्या मुलीला फुकट गुण मिळतात, असंही त्यात होतं. समिती आज दुपारी फळा स्वतः बघणार होती आणि मग तो ठेवायचा की बंद करायचा ते ठरणार होतं.

"आणि नेमका आजच तो कोरा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. "दाखवायला काही नसेल तर माझे हात बांधलेले आहेत. फळा बंद, आणि त्या पोरीचं वर्षही गेलं."

संगणकाची खोली सांभाळणारे आमचे वायरकाका कपाळ पुसत होते. "बाई, मी बघितलं. फळ्यावरून काहीही पुसलं की ते आधी कचरापेटीत जातं. तिथून परत काढता येतं. पण कचरापेटी रिकामी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी ती पण रिकामी केली. आणि ते..." वायरकाका अडखळले. "ते फक्त मॅडमच्या खात्यातूनच करता येतं. पोरं सगळी वर्गाच्या एकाच खात्यातून येतात, त्यांना पेटीला हात लावता येत नाही."

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी नाही केलं," त्या म्हणाल्या. "माझा पासवर्ड माझ्या आईलासुद्धा माहीत नाही."

"माझा विश्वास आहे हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण वकीलसाहेब काय म्हणतील? तपासणीच्या दिवशी पुरावा नाहीसा आणि किल्ली एकट्या तुमच्याकडे!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "चित्रकलेच्या मास्तरांना बोलवा. शाळेची हरवलेली घंटा त्यांनीच शोधली होती ना?"

३

आमचे चित्रकलेचे मास्तर म्हणजे निवृत्तीला टेकलेला, बाहीला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला माणूस. बोलतात कमी, बघतात फार. त्यांच्याकडून एखादी गोष्ट ऐकायची तर आधी त्यांच्या गप्प बसण्याची सवय करावी लागते आणि माझा स्वभाव नेमका उलटा. म्हणूनच बहुधा आमचं जमतं.

त्यांनी संगणकासमोर बसून वायरकाकांना फळा बंद करून पुन्हा उघडायला सांगितला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. आम्ही वाट बघत बसलो.

"रोज एवढाच वेळ लागतो?" मास्तरांनी विचारलं.

"रोजचंच रडगाणं," वायरकाका म्हणाले. "चिठ्ठ्या, फोटो, सगळं ओढून आणायचं म्हणजे नेट दमतं. शंभरदा सांगितलं, नवीन जोडणी घ्या. माझं ऐकतंय कोण?"

"परवा तुम्ही म्हणाला होतात, 'एक दिवस हा फळा उडवून टाकतो.' मी ऐकलंय," मी टोकलं.

"बाई, रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो! मी बायकोलाही म्हणतो, हिमालयात जातो. गेलो का?"

फळा उघडला. तोच पांढरा पसारा, तीच निळी चौकट. मास्तर नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे वाकले. मग त्यांनी पांढऱ्यावर चार-दोन ठिकाणी माऊस नेऊन दाबून बघितलं. काहीच हाती लागलं नाही.

"ही चौकट कशी काय उरली?"

"तिला कुलूप आहे ना," वायरकाका म्हणाले. "मॅडमनीच पोरांना शिकवलंय. एखादी गोष्ट चुकून सरकू नये, पुसली जाऊ नये म्हणून तिला कुलूप लावता येतं. कुलूपवाली गोष्ट नुसती दाबली तर हातात येत नाही. चौकटीला कुलूप होतं, आत लिहिता यायचं तेवढं, म्हणून ती वाचली."

"आणखी कशाला होतं कुलूप?"

"नकाशाला. बाकी कशाला नाही."

मास्तरांनी वायरकाकांना बाजूलाच एक नवा, न वापरलेला फळा उघडायला लावला. तो डोळे मिटून उघडायच्या आत उघडला. फिकट ठिपक्याठिपक्यांचा, शिवणाच्या वर्गातल्या कागदासारखा. मास्तर एकदा या फळ्याकडे, एकदा त्या फळ्याकडे बघत राहिले.

"ग्रंथपालबाई," ते म्हणाले, "काल शाळा सुटल्यावर या खोलीत कोण आलं होतं?"

वायरकाकांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पोरं होती चिठ्ठ्या लावत, नेहमीसारखी. आणि शेवटी एकटे आले ते खडू सर."

४

खडू सर म्हणजे आमचे गणिताचे सर. खिशात कायम खडू, म्हणून खडू सर. पोरं मधली जागा गाळून 'खडूसर' म्हणतात, आणि तेही काही अगदीच चूक नाही. ऑनलाइन फळ्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी. "फळा हा तास संपला की पुसायचा असतो," असं ते शिक्षकांच्या खोलीत दहांदा म्हणाले असतील. "पुसलाच नाही तर पोरं नवीन काय शिकणार?"

आम्ही गेलो तेव्हा ते रिकाम्या वर्गात डस्टर झटकत होते.

"काल संध्याकाळी तुम्ही संगणकाच्या खोलीत होता," मास्तर म्हणाले.

"होतो. मग?"

"कशाला?"

सरांचा चेहरा एकदम लाल झाला. मला वाटलं, आता हा माणूस डस्टर फेकून मारणार. त्यांनी उठून आधी दार लावून घेतलं.

"सांगतो. पण हे या भिंतींच्या बाहेर गेलं तर तुमचं माझं संपलं." त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यापुढे धरला. पडद्यावर एक फळा होता, ठिपक्यांचा. त्यावर थरथरत्या रेषांत काढलेला एक त्रिकोण आणि बाजूला लिहिलेलं: 'कोण सिद्ध करेल? घाई नाही.'

"वायरमनला विचारायची लाज वाटते, म्हणून सगळे गेल्यावर स्वतःच धडपडतो," ते म्हणाले. "त्या खिडकीवाल्या पोरीचं गणित मागे पडलंय. तिला काय मी घरी खडू पाठवू?"

मी एवढी वर्षं या माणसाशी भांडत आलेय. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. मास्तरांना मात्र त्रिकोणात रस दिसला नाही. ते फोनमधले ठिपके बघत होते.

"सर, काल तुम्ही भूगोलाचा फळा बघितलात का?"

"बघितला की. म्हटलं बघू तरी पोरं करतात काय. कोरा होता! म्हटलं, चला, शेवटी मॅडमना अक्कल आली, पुसला."

आम्ही बाहेर आलो. म्हणजे नदी कालच गेली होती, पोरं असताना किंवा ती निघता निघता. मी तसं म्हणाले तर मास्तरांनी नुसती मान हलवली.

"आता आपण त्या मुलीशी बोलू," ते म्हणाले. "चौकट तिची आहे."

५

व्हिडिओ फोन लागला. खिडकीवाली उशीला टेकून होती. केस विंचरलेले, मांडीवर पाटी घेतात तसा टॅब. मागे खिडकी आणि खिडकीत खरी नदी, वळण घेणारी.

"मी सकाळी हजेरी लिहिली," ती म्हणाली, "आणि बघते तर नदीच नाही. मी घाबरून आधी खिडकीतून बघितलं. इथे होती." ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "मास्तर, माझं काही चुकलं का? काल मी तीन फोटो एकदम टाकले. त्यानं तर नाही ना सगळं बिघडलं?"

"नाही गं बाळा."

"फळा बंद झाला तर मी पुढच्या वर्षी आत्ताच्या आठवीतल्या पोरींबरोबर परत नववीत बसायचं?" हे तिनं अगदी सरळ विचारलं. मागून तिच्या आईचा हात आला आणि तिच्या खांद्यावर थांबला.



मास्तरांनी विचारलं, "फळ्यावर तुझं जास्त बोलणं कुणाशी व्हायचं?"

"सगळ्यांशीच. पण एक नंबरशी जास्त. ती खूप प्रश्न विचारते."

"एक नंबर प्रश्न विचारते?" माझ्या तोंडून निघून गेलं. वर्गात त्या मुलीनं कधी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नव्हतं. ती फक्त उत्तरं द्यायची, तीही सगळ्यांच्या आधी.

"फळ्यावर विचारते," खिडकीवाली म्हणाली. "नकाशाच्या वळणापाशी आमचा एक कोपराच आहे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि थेट नववीच्या वर्गाकडे चालायला लागले.

६

वर्ग सुतकात असल्यासारखा बसला होता. एक पोरगा तर आपल्या माशाच्या फोटोसाठी डोळे पुसत होता. मास्तर पुढे उभे राहिले.

"मी नदी शोधतोय," ते म्हणाले. "मला विचारायचं असेल ते विचारा."

प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. कुणी केलं मास्तर? परत येईल ना? माझे फोटो तरी येतील ना? मॅडमना काढून टाकणार का? मास्तर एकेकाला "बघू" म्हणत राहिले. पहिल्या बाकावर एक नंबर बसली होती. ताठ, हातांची घडी. तिनं सगळ्यांत शेवटी हात वर केला.

"मास्तर, सापडली तर ती आजच दाखवणार का? की उद्या चालेल?"

"तुला काय वाटतं?"

"नाही, म्हणजे घाई कशाला?" ती म्हणाली. "समिती परत कधीतरी येईलच की."

"तू फळ्यावर प्रश्न विचारतेस म्हणे. वर्गात का विचारत नाहीस?"

तिचे कान लाल झाले. "आमच्याकडे नाही चालत. बाबा म्हणतात, ज्याचं उत्तर आपल्याला आधी माहीत नाही, तो प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो. कोर्टात तसंच असतं."

मास्तरांनी भिंतीवरचा पुठ्ठा वाचला, अगदी सावकाश, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. वाचून झाल्यावर ते वर्गाकडे वळले.

"समितीनं उद्यावर ढकललं असतं तर ठीकच होतं. पण त्यांचा निर्णय आज आहे. आज फळा दिसला नाही तर खिडकीवालीचं वर्ष जाईल. तुम्ही दहावीत, ती इथेच. हे तुमच्यातल्या कुणाला माहीत नसेल, म्हणून सांगितलं."

वर्गात एक मोठा श्वास ऐकू आला. मास्तर मला घेऊन बाहेर पडले. व्हरांड्यात मी त्यांची बाही धरली.

"आता बोला! कोणी चोरली नदी?"

"चोरीला गेलीच नाही बाई," ते म्हणाले. "ती आहे तिथेच आहे."

७

मोठ्या बाईंच्या खोलीत मास्तरांनी एक पांढरा कागद टेबलावर ठेवला. हातगाडीवरच्या फळवाल्यानं सफरचंद ठेवावं, इतक्या काळजीनं.

"कोरं आणि पांढरं यांत आपण नेहमी गफलत करतो," ते म्हणाले. "पांढरा हाही रंगच. नवा फळा ठिपक्यांचा असतो, खडू सरांच्या फोनवरचाही ठिपक्यांचाच होता. आपल्या फळ्यावर मात्र ठिपके फक्त त्या निळ्या चौकटीच्या आसपास आहेत. बाकी सगळं सपाट पांढरं. मग ते कोरं कसं? ते रंगवलेलं आहे."



"दुसरं, कुलूप. कुलूप होतं म्हणून चौकट वाचली म्हणता. मग नकाशालाही होतं, तो का गेला? तिसरं, रिकामा फळा पटकन उघडतो हे आपण बघितलं. आपला मात्र भरलेला असताना लागायचा तेवढाच वेळ घेतोय. कारण तो भरलेलाच आहे. आणि कचरापेटी रिकामी का? मॅडमनी ती रिकामी केली म्हणून नाही, तिच्यात कधी काही पडलंच नाही म्हणून!"

मॅडम उभ्या राहिल्या. "पांढरी चिठ्ठी!" त्या कुजबुजल्या. "कुणीतरी पांढरी चिठ्ठी फळ्याएवढी ताणली आणि तिला कुलूप लावलं."

"म्हणजे करणारा तुमच्या वर्गातलाच. बाहेरचा माणूस खोडून मोकळा झाला असता. तुमच्या पोरांना खोडता येत नाही, मॅडम. वाईट वागायचं ठरवलं तरी त्यांचा हात झाकण्यापाशीच थांबतो." मास्तर एवढं मोठं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. "आणि झाकताना त्या मुलीची हजेरी मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. करणाऱ्याला तिचं नुकसान करायचं नव्हतं. नुकसान होईल हे त्याला ठाऊकच नव्हतं."

"कोण ते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाकी सगळ्यांनी विचारलं, परत येईल का. एकीनं विचारलं, आजच येईल का. ते परत येणार हे जिला ठाऊक, तिलाच हा प्रश्न पडतो. पोरगी बापापासून लपवतेय. चोर नाही ती."

वायरकाका लगेच उठले. "मॅडमच्या खात्यातून मी आत्ता कुलूप काढतो!"

"नको," मास्तर म्हणाले. "पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?"

मॅडमना ते पाठ होतं. त्या एकदा दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "ज्यानं झाकलं त्यानंच उघडायचं."

"मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हणाले. "त्या पोरीचं वर्ष पणाला लागलंय! आणि एक नंबरनं नाही उघडलं तर?"

"तर शेवटी मॅडम उघडतील. खिडकीवालीचं वर्ष आपण जाऊ देणार नाही. पण आधी तिला संधी देऊ या." ते मॅडमकडे बघत होते. "वर्ग तुमचा आहे. तुम्ही सांगा."

बाहेर गाडीचं दार वाजलं. समिती आली होती.

"थांबू या," मॅडम म्हणाल्या.

८

संगणकाच्या खोलीत वर्ग भिंतीला लागून उभा होता, समितीची माणसं खुर्च्यांवर. एका कोपऱ्यात खडू सर आपलं काही काम नसल्यासारखे उभे. बाजूच्या छोट्या पडद्यावर खिडकीवाली, तिनं स्वच्छ फ्रॉक घातला होता. मोठ्या पडद्यावर पांढरं.

वकीलसाहेब उंच, आवाज घुमणारा. "हा तो फळा?" ते म्हणाले. "मॅडम, यावर काय केलं तुमच्या विद्यार्थ्यांनी? की मी असं समजू, की दाखवण्यासारखं काही नव्हतंच?"

मॅडम पोरांकडे बघत होत्या, रागानं नाही, वाट बघितल्यासारख्या. त्या बाईंनी त्या वेळी जी कळ सोसली, तिला माझा नमस्कार. माझ्याच्यानं झालं नसतं. मी मास्तरांची बाही इतकी घट्ट धरली होती की माझ्या बोटांना रंग लागला.

"उत्तर नाही," वकीलसाहेब म्हणाले. "ठीक. मग मला वाटतं, समितीचा निर्णय..."

"बाबा, थांबा."

एक नंबर रांगेतून पुढे आली. "मी झाकलंय," ती म्हणाली. "मॅडमनी काही नाही केलं." मग ती छोट्या पडद्याकडे वळली. "सॉरी गं. मला वाटलं, हे लोक गेले की उघडीन. तुझं वर्ष जाईल हे मला खरंच माहीत नव्हतं."

तिनं माऊस धरला, कुलूप काढलं आणि पांढरा पडदा बाजूला ओढला.

नदी आली. उगमापासून समुद्रापर्यंत सगळी, चिठ्ठ्यांनी गजबजलेली. पोरांनी असा जल्लोष केला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मॅडम रडत होत्या आणि लपवतही नव्हत्या.

वकीलसाहेब मात्र एकाच जागी बघत होते. वळणापाशी एक पिवळी चिठ्ठी होती, खाली त्यांच्याच मुलीचं नाव. 'वळणावर नदी बाहेरचाच काठ का खाते? पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. पण मला कळलं नाही. कुणी सांगेल का?'

त्याखाली खिडकीवालीची निळी चिठ्ठी. 'मी रोज बघते. पुलावरून मुलं काड्या टाकतात. बाहेरच्या बाजूची काडी नेहमी पुढे जाते. तिथे पाणी पळतं, म्हणून काठ तुटतो. आतल्या बाजूला पाणी रेंगाळतं आणि वाळू टाकून देतं. आता तिथे छोटासा किनारा झालाय, पाखरं बसतात.' सोबत फोटो. आणि त्याखाली पुन्हा पिवळी: 'आता कळलं! पहिल्यांदाच खरं कळलं.'

अशा पिवळ्या चिठ्ठ्या त्या कोपऱ्यात भरपूर होत्या. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकेक वाचली. एक नंबर बापाकडे न बघता उभी होती, आता काय होणार याची वाट बघत.

"हे तुला कळत नव्हतं?" शेवटी ते म्हणाले.

"नव्हतं कळत."

"मला का नाही विचारलंस?"

तिनं पडद्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती, आणि हे त्यांनाही समजलं असावं, कारण ते खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. पुन्हा ती निळी चिठ्ठी वाचली. मग छोट्या पडद्याकडे बघून त्यांनी घसा साफ केला.

"बेटा, बाहेरचा काठ असा तुटतच राहिला तर वळण वाढतच जाणार. मग शेवटी नदी करते काय?"

"माहीत नाही काका," खिडकीवाली म्हणाली. "तुम्ही चिठ्ठी लावा ना. कुणीतरी सांगेल."

वकीलसाहेबांनी आपल्या मुलीकडे बघितलं. ती जवळ आली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून तिनं चिठ्ठी कशी लावायची ते दाखवलं. त्यांनी एकेक अक्षर शोधत प्रश्न लिहिला.

"खाली नाव लिहायचं असतं, बाबा."

त्यांनी सवयीनं पदवीसकट पूर्ण नाव लिहिलं. ते बघून स्वतःच ओशाळले आणि पदवी काढायला गेले.

"असू दे," एक नंबर म्हणाली. "इथे खोडत नाहीत."